बागेतल्या नव्या लागवडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही चार-पाच स्वयंसेवक बागेच्या नव्या भागात उभे असतो. पुण्याच्या आसपासच्या डोंगरांवरची, कातळांवरची आणि गडांच्या कड्यांवरची झाडं इथे लावायला घेतली, तेव्हापासून लोक जे विचारतात ते एका वहीत लिहून ठेवतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे उतरवले आहेत. उत्तरं माझ्या शब्दांत आहेत, पण त्यातलं बरंचसं आमच्या माळीमामांकडून शिकलेलं आहे.

पाट्या लावल्यात, पण झाडं कुठे आहेत?

जमिनीखाली. नोव्हेंबर ते मे या काळात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. पाटीवर कळलावी लिहिलंय, सापकांदा लिहिलंय, रानहळद, आमरी, कंदीलपुष्प लिहिलंय, आणि पाहावं तर मुरूम, वाळकं गवत आणि चार दगड. झाडं मेली असं वाटणं अगदी साहजिक आहे.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. उरलेले आठ महिने जमीन कोरडी. सह्याद्रीतल्या कितीतरी वनस्पतींनी या वेळापत्रकाशी जुळवून घेतलंय. पहिल्या सरींनंतर त्या कोंब काढतात, घाईघाईने पानं, फुलं, बिया उरकतात आणि गणपती-नवरात्र झालं की पुन्हा कंदात जाऊन झोपतात. म्हणजे वर्षातला बराच काळ ही झाडं अशीच असतात, कंदाच्या रूपात. वाफा रिकामा दिसतो त्या दिवसांतही तो भरलेलाच असतो.

मग तोवर त्या जागेत शोभेची फुलझाडं लावली तर काय बिघडतं?

पाणी द्यावं लागतं, तेच बिघडतं. झेंडू, पिटुनिया उन्हाळ्यात जगवायचं म्हणजे रोज पाणी. झोपलेल्या कंदाला रोज पाणी मिळालं की तो सडतो. पहिल्या वर्षी कडेला थोडी हिरवळ राखण्याचा मोह आम्हालाही झाला होता. कडेचे सगळे कंद गेले. आता जानेवारीनंतर त्या वाफ्यावर झारी नेत नाही. शेजारच्या वाफ्यातलं पाणी झिरपू नये म्हणून मध्ये खडीचा पट्टा टाकलाय.

दोरी कशासाठी? नुसत्या मातीवरून चाललं तर काय होतं?

यामागे एक दुःखद गोष्ट आहे. मागे एका मे महिन्यात साफसफाईसाठी बाहेरून माणसं आली होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. वाफा रिकामा दिसला, म्हणून त्यांनी तो प्रामाणिकपणे उकरून, सपाट करून, पालापाचोळ्यासकट सगळं उकिरड्यावर टाकलं. संध्याकाळी माळीमामांच्या लक्षात आलं. आम्ही तिघं बॅटरीच्या उजेडात रात्री नऊपर्यंत उकिरडा चाळत बसलो. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, तो हाताला लगेच कळतो. कंदीलपुष्पाचा कंद मात्र गोल, चपटा आणि मातीच्याच रंगाचा. ढेकूळ समजून किती फेकले असतील, देव जाणे. चौदा कंद मिळाले. लावले होते चाळीस.

त्या माणसांची चूक नव्हती. आम्ही खूण ठेवली नव्हती. म्हणून आता दोरी आहे आणि प्रत्येक कंदाजवळ पांढरा रंग दिलेला एक दगड आहे. मुलांना दगड उचलायला आवडतात हे माहीत आहे, तरी हे तेवढे राहू द्या.

त्या कातळावरच्या मांसल काड्या म्हणजे काय? पाटीवर "जगातलं दुर्मीळ झाड" लिहिलंय.

ती शिंदळ माकुडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, हल्ली काही अभ्यासक तिला बुसेरोसिया फ्रेरेई म्हणतात. जुन्नरजवळच्या डोंगरावर सापडलेल्या या वनस्पतीचं वर्णन डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात प्रसिद्ध केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव तिला दिलं. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात कुठेही उगवत नाही. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा गडांच्या कड्यांवर, शेळीचं तोंड पोचणार नाही अशा जागी ती लोंबकळत असते. एके काळी जगातल्या सर्वाधिक संकटग्रस्त बारा वनस्पतींत तिची गणना झाली होती.

पावसात बोटाएवढ्या जाड काड्यांवर हिरवी पानं येतात आणि पावसाच्या शेवटी फुलं. तिच्या जवळच्या भाऊबंदांना फुलं येतात तेव्हा पानं नसतात, हिला दोन्ही एकदम असतात. फूल पाच टोकांच्या चांदणीसारखं, रंगाने वाळलेल्या आमसुलासारखं, त्यावर पिवळे ठिपके. नाक जवळ नेलंत तर किंचित कुजका वास येतो, कारण तिचं परागीभवन माश्या करतात. उन्हाळ्यात पानं झडतात आणि नुसत्या काड्या उरतात. तुम्ही पाहिल्यात त्या याच.

आता गंमत अशी की कुंडीत ती सहज वाढते. काडी तोडा, दोन दिवस सावलीत सुकवा, खडीच्या आणि जाड वाळूच्या मिश्रणात खोचा, मुळं फुटतात. मग दुर्मीळ कशी, असा पुढचा प्रश्न येतोच. निसर्गात तिला बी फार कमी धरतं. कडे ढासळतात, वणवे लागतात, खालच्या पट्ट्यात गुरं चरतात. आणि कुंड्यांचं म्हणाल तर एका रोपाच्या शंभर छाटण्या म्हणजे शंभर रोपं नव्हेत. ते एकच रोप असतं, शंभर कुंड्यांत बसलेलं. एखादा रोग त्याला मानवला नाही तर शंभरही जातील. म्हणून आमच्याकडे प्रत्येक कुंडीवर मूळ रोप कोणत्या डोंगरावरचं, याचा क्रमांक आहे. दोन वेगळ्या डोंगरांवरची रोपं शेजारी ठेवून बी धरतं का, याची आम्ही वाट बघतो. माझ्या लेखी या बागेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि बाहेरून ते दिसायला अगदीच साधं आहे. नंबर टाकलेल्या कुंड्या, बस्स.

एक विनंती: ती रुईच्याच कुळातली आहे. रुईवर वाढणारा काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट अधूनमधून तिच्यावरही येतो. दिसला तर चिरडू नका, आम्हाला हाक मारा. आम्ही त्याला बागेच्या मागच्या रुईवर नेऊन सोडतो.

कंदीलपुष्पात माशी अडकते म्हणतात, ते खरं का? फूल माशी खातं का?

अडकते, हे खरं. खात नाही. ऑगस्टमध्ये आलात तर मांडवावरच्या वेलीसमोर दहा मिनिटं शांत उभे राहा.

फूल म्हणजे खाली फुगीर आणि वर निमुळती होत गेलेली नळी. टोकाशी पाच पाकळ्या पुन्हा जुळून छोटा पिंजरा होतो, आकाशकंदिलासारखा. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी बारीक माशी वासाने येते, पिंजऱ्याच्या फटीतून आत शिरते आणि नळीत घसरते. नळीच्या आत केस असतात, सगळे खाली वळलेले. उतरताना ते वाट देतात, चढताना आडवे येतात. माशी तळाच्या फुग्यात जाते. तिथे परागाच्या चिमुकल्या पिशव्या तिच्या सोंडेला चिकटतात. मग केस सुकतात, फूल मान टाकतं आणि माशी बाहेर पडते, परागासकट. तीच माशी दुसऱ्या फुलात शिरली की काम झालं.

मी पहिल्यांदा पाहिलं ते एका शाळकरी मुलीमुळे. तिने फुलाच्या मागे मोबाईलचा दिवा धरला. पातळ भिंतीतून फुग्यातला काळा ठिपका इकडून तिकडे फिरताना दिसला. आम्ही दोघी बराच वेळ बोललो नाही. तिने दुसऱ्या दिवशी आईला घेऊन पुन्हा चक्कर मारली तेव्हा ठिपका गेलेला होता.

महाराष्ट्रात कंदीलपुष्पाच्या वीसहून अधिक जाती आहेत. काही तर एखाद-दुसऱ्या डोंगराबाहेर सापडतच नाहीत. एक जात हरिश्चंद्रगडाच्या परिसरासाठी ओळखली जाते, एकीच्या तर नावातच पाचगणी आहे. यांचे कंद खाता येतात, गुराखी पोरं उकरून कच्चेच खातात. वेल कमी होण्याचं ते एक कारण आहे, पण त्याहून मोठी कारणं म्हणजे पठारांवरचं बांधकाम, खाणी आणि रस्ते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात या वेलींच्या संवर्धनाचं मोठं काम झालंय. आवड असेल तर ते जरूर पाहून या.

कळलावी घरात लावू नये, भांडणं होतात म्हणतात. तुम्ही तर बागेत लावलीत!

भांडणं होत नाहीत. पण घरात लावू नये हे मात्र खरं, विशेषतः लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर. कळलावीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं. थोडासा कंदही जिवावर बेतू शकतो. "कळ लावते" या समजुतीमुळे लोकांनी ती दारापासून लांब ठेवली असेल, तर त्या समजुतीने काही जीव वाचवलेही असतील. आजी म्हणायची म्हणून कुणी ही समजूत पाळत असेल, तर मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

बागेत ती कुंपणाच्या आत आहे. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तिची पानं. पानाचं टोकच लांबून तणावा होतो आणि आधाराला गुंडाळतं. फूल उमलताना पिवळं-हिरवं, मग केशरी, मग लालभडक. एकाच वेलीवर तिन्ही रंग दिसतात.

शेवळं इथली तोडून नेली तर चालतील का? आमच्याकडे भाजी करतात.

नाही, कृपया नको. ठाण्या-कोकणाकडची मंडळी हा प्रश्न फार प्रेमाने विचारतात, आणि मला त्यांच्याकडून पाककृतीही मिळाल्या आहेत. पण खायची शेवळं म्हणजे जमिनीतून वर येणारी कळीच. पान नंतर येतं. कळी तोडली की त्या वर्षीचं बी गेलं. आमच्याकडे मोजकी रोपं आहेत.

बाजारातून आणलीत तर काकड या झाडाची फळं किंवा चिंच-आमसूल घालायला विसरू नका. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्याने घशाला खाज सुटते. सुरणाचंही तेच. शेवळं ही सुरणाची सख्खी बहीण. सुमात्रातलं ते माणसाहून उंच, दुर्गंधी सुटणारं फूल ज्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात, तेही याच घराण्यातलं. ते आमच्याकडे नाही. पण सुरणाचं फूल उमललं की वास तेवढ्याच हिमतीने सोसावा लागतो.

सापकांदा नर की मादी?

कंदावर अवलंबून आहे. कंद लहान, साठा कमी, तर रोप नर फुलं देतं. दोन-तीन चांगले पावसाळे मिळाले, कंद पोसला, की तेच रोप मादी होतं, कारण फळं धरणं खर्चिक काम. दुष्काळात पुन्हा नर.

गुलमोहर, नीलमोहर काढून टाकणार आहात का? परदेशी झाडांना विरोध आहे का?

विरोध नाही, आणि एकही जुनं झाड काढलेलं नाही. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष आणि नीलमोहर दक्षिण अमेरिकेकडचे, गोरखचिंच आफ्रिकेतली. यातली कितीतरी झाडं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एम्प्रेस गार्डनचे जुने वृक्ष पाहिले किंवा १८७३ पासूनच्या गणेशखिंडच्या बागेत फिरलात की लक्षात येतं, बाहेरची झाडं आणून ती इथे रुजतात का पाहणं, हे त्या काळच्या बागांचं कामच होतं. त्या कामाबद्दल मला आदर आहे. कैलासपतीच्या फुलासमोर हात जोडणारे आजोबा रोज येतात. ते झाड अमेरिका खंडातलं आहे म्हणून त्यांच्या भक्तीत काही कमी होत नाही.

फक्त नव्या जागेत काय लावायचं हा प्रश्न होता. ज्या शहराच्या टेकड्यांवर बाहेरून आलेलं गिरिपुष्प मैलभर पसरलंय, त्या शहरातल्या मुलाला मेडशिंगी दिसायला हवी, असं आम्हाला वाटलं. आज पुण्यात खरं अनोखं झाड कुठलं, तर तासाभराच्या अंतरावर उगवणारं आणि कुणालाच नाव न सांगता येणारं.

मोठी झाडं कोणती लावलीत?

सहा. अजून पुरुषभर उंचीचीसुद्धा नाहीत, त्यामुळे सावलीची अपेक्षा ठेवू नका.

मेडशिंगी: पांढरी फुलं रात्री उमलतात, सकाळी खाली सडा. शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या. गणेर: फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर मोठी पिवळी फुलं. कौशी: त्याच सुमारास नारिंगी फुलांनी पेटल्यासारखी दिसते आणि पक्ष्यांची रीघ लागते. वारस. कांडोळ, ज्याला भुताचं झाड म्हणतात, कारण पांढरं खोड चांदण्यात चमकतं. याच्या फळांवर टोचणारी लव असते, हात लावू नका. आणि चौरा, पावसाच्या शेवटी पिवळा फुलतो. त्याच्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, जगभरात हा एकटाच, आणि राहतो फक्त पश्चिम घाटात.

कीटक खाणारी घटपर्णी का नाही?

ती मेघालयातली. दमट, थंड हवा लागते, आणि पुण्याचा एप्रिल तिला सोसत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती संरक्षित वनस्पती आहे, हौसेखातर कुठूनही उचलून आणता येत नाही.

तिच्याऐवजी पाणथळ कुंडात दवबिंदू ही कीटक खाणारी वनस्पती पाहा. कासच्या पठारावर दिसणारी हीच. रुपयाच्या नाण्याएवढं रोप, पानांवर लाल केस आणि प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब. चिलट बसलं की केस त्याच्यावर वाकतात. कातळावरच्या मातीत नत्र जवळजवळ नसतं, ते ती असं मिळवते. म्हणून तिला खत घालणं म्हणजे मारणं. बोअरचं क्षारयुक्त पाणीही चालत नाही. छपरावरचं पावसाचं पाणी पिंपांत साठवून तेच घालतो. ती निळी पिंपं कशाची, हेही बरेच जण विचारतात. ती याचीच.

ट्रेकला गेलो होतो, एक कंद मिळाला. बागेला देऊ का?

हा प्रश्न चांगल्या मनाने विचारला जातो, म्हणून उत्तर देताना जीव तुटतो. नका आणू. वनक्षेत्रातून परवानगीशिवाय काही उपटणं कायद्याने मना आहे, हे एक. दुसरं, सोमवारी सकाळी पिशवीत सुकलेला कंद आमच्या हाती येतो तेव्हा तो कुठल्या उतारावरचा, कशाच्या सोबतीने वाढलेला, काहीच कळत नाही. आमच्याकडची रोपं परवानगीने आणलेल्या बियांपासून किंवा अभ्यास करणाऱ्या संस्थांकडून आलेली आहेत.

फोटो काढा. फूल, पान, आजूबाजूची जागा, असे तीन. तारीख आणि गाव लिहून आम्हाला दाखवा. अशाच एका फोटोमुळे मुळशीकडच्या एका पडलेल्या झाडावरची सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारी आमरी, आम्हाला कळली. रस्त्यासाठी तोडलेलं झाड होतं. रीतसर परवानगी घेऊन ती फांदीसकट आणली आणि आता आंब्यावर बांधली आहे.

रोप विकत मिळेल का?

शिंदळ माकुडी आणि रानहळद, पावसाळ्यात, असतील तेव्हा. रोप नेताना नाव आणि क्रमांक लिहून घेतो. तुमच्याकडे फूल आलं किंवा रोप गेलं, दोन्ही कळवा. गेलं तर रागावत नाही, कारण कळतं: दहांतली नऊ जास्त पाण्याने जातात.

यायला चांगला काळ कोणता?

जूनचा शेवट शेवळं आणि सापकांद्यासाठी. ऑगस्ट कळलावी, रानहळद, आमरीचा. ऑगस्ट-सप्टेंबर कंदीलपुष्पं. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शिंदळ माकुडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गणेर आणि कौशी, अजून लहान असली तरी. बुटात या, चिखल असतो.

कारवी कधी फुलणार?

कारवी सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाळ्यात सगळी एकदम जांभळी होते, बिया धरते आणि वाळून जाते. पुढच्या वर्षी पहिल्या पावसाची ओल लागली की बोंडं तडतड फुटतात. डोंगरातल्या घरांच्या कुडाच्या भिंती याच्याच काठ्यांच्या. आमची रोपं मागच्या पावसाळ्यात बियांपासून लावली, सध्या गुडघ्याएवढी आहेत.

परवा एका पाच वर्षांच्या मुलाने हाच प्रश्न विचारला. आम्ही बोटांवर मोजलं. ती फुलेल तेव्हा तो सातवीत नाहीतर आठवीत असेल. त्याने पाटीवरचं लावणीचं साल आईला मोठ्याने वाचायला लावलं आणि निघताना पुन्हा एकदा येऊन ते बरोबर आहे का पाहून गेला.